छपरीत बाबांसाठी टीव्ही लावायचा आहे: पश्चिमेचं ऊन, वर पत्रे. कोणता घ्यावा?

मानेवाड्याची लेक:

प्रश्न टीव्हीचा आहे, पण आधी घर सांगते.

नागपुरात मानेवाड्याला आमचं जुनं बैठं घर आहे. समोर पत्र्याची छपरी, बारा फूट लांब आणि नऊ फूट खोल, तोंड थेट पश्चिमेला, रस्त्याकडे. बाबा रेल्वेच्या अजनी लोको शेडमधून निवृत्त झाले, आता ऐंशी पार केली. दोन वर्षांपूर्वी खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून वॉकर. छपरीतून घरात जायला दोन पायऱ्या आणि उंबरा. तेवढं चढवायला धडधाकट माणसाचा हात लागतो आणि आईच्याने ते होत नाही. म्हणून सकाळी नोकरीवर निघायच्या आधी मी त्यांना बाहेर बसवते. संडास छपरीला लागूनच आहे, तेवढं ते स्वतः जातात. दुपारी एकच्या सुमारास शेजारचा मुलगा कॉलेजातून आला की त्यांना आत नेतो, संध्याकाळी मी आले की पुन्हा बाहेर. रात्री नऊ-साडेनऊपर्यंत ते तिथेच.

त्यांच्यासोबत शेडमधले तिघं जुने सोबती रोज येतात. त्यातल्या दोघांचे गुडघे गेलेले, त्यामुळे तेही पायऱ्या चढत नाहीत. चौघांचं सगळं जग ती छपरी आहे.

गेल्या वर्षी फेब्रुवारीच्या शेवटी जामठ्याच्या स्टेडियमवर विदर्भ-केरळ रणजीचा अंतिम सामना सुरू झाला, तो मार्चच्या सुरुवातीपर्यंत पाच दिवस चालला. बाबा त्यासाठी हट्टाने आत बसले, कारण टीव्ही आत. तिघं काका बाहेर छपरीत. बाबा आतून ओरडून विकेट सांगायचे आणि काका बाहेरून विचारायचे, “कोण गेला जी?” पहिल्या डावाच्या आघाडीवर विदर्भाने तिसऱ्यांदा रणजी घेतली. सगळी कॉलनी खूश होती आणि माझे बाबा पलंगावर एकटे टाळ्या वाजवत होते. ते दृश्य माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. त्या दिवशी ठरवलं की बाबांना आत न्यायचं नाही, टीव्हीच बाहेर आणायचा. पैसे जमायला वर्ष गेलं.

आता अडचण अशी. एका दुकानात म्हणाले, वर पत्रे आहेत ना, मग कोणताही लावा. दुसऱ्याने सांगितलं की बाहेरचा खास टीव्हीच घ्यावा लागेल, नाहीतर पैसे पाण्यात. माझ्याकडे सगळे मिळून ४५ हजार आहेत, त्यातच सुतार आणि इलेक्ट्रिशियन. मनात ४३ इंची आहे. जागा म्हणून घराची दर्शनी भिंत धरली आहे, दाराच्या बाजूला, पत्र्याच्या जरा खाली. तिथून चौघांनाही दिसेल. संध्याकाळी तिथे ऊन येतं, हे खरं आहे. बाबांना ऐकूही कमी येतं आणि शेजारी बारावीची मुलगी आहे, म्हणून आवाजाचंही काही सुचवा.

ज्यांनी नागपुरातच, आपल्या उन्हात, बाहेर टीव्ही चालवला आहे त्यांनी कृपया लिहा.


फलकवाला:

ताई, मी चौदा वर्षं दुकानांबाहेरचे डिजिटल फलक बसवतो आणि दुरुस्त करतो, नागपूर, वर्धा, अमरावती. तुमचा प्रश्न वाचून आधी हेच सांगावंसं वाटलं की दर्शनी भिंत सोडा. टीव्ही कोणता, ते नंतर पाहू.

लोक बाहेरचा टीव्ही म्हटलं की पावसाची काळजी करतात. आपल्याकडे पाऊस चार महिने, त्यातही तुमच्यावर पत्रे आहेत. नागपुरात टीव्ही मारतो तो मे महिना. घरातल्या टीव्हीचं माहितीपत्रक उघडा, मागच्या पानांवर चालवायचं तापमान दिलेलं असतं. बहुतेक कंपन्या वरची मर्यादा ४० अंश लिहितात. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात तापत्या नऊ दिवसांत, आपल्याकडे सावलीत ४५-४६ असतं. पत्र्याखाली त्याहून जास्त, कारण पत्रा स्वतःच तव्यासारखा खाली उष्णता फेकतो आणि गरम हवा वरच साचते. तुम्ही नेमका त्या थरात टीव्ही टांगायचं म्हणता आहात.

त्यात थेट ऊन पडलं तर आणखी एक गोष्ट होते. पडद्याच्या आतलं लिक्विड क्रिस्टल एका तापमानाच्या वर गेलं की काम सोडून देतं, आणि पडद्यावर काळा डाग पसरतो. साध्या पॅनेलमध्ये हे साधारण ७०-८० अंशांना होतं. आम्ही जे उन्हातले फलक लावतो त्यांचं क्रिस्टल ११० पर्यंत टिकेल असं बनवलेलं असतं. हवा ४५ असली तरी उन्हातली काळी काच ७० गाठते. गार झाल्यावर डाग जातो, माणसाला वाटतं बरं झालं, पण आतले कॅपॅसिटर तोवर खूप काही सोसून बसलेले असतात. आमच्या धंद्यात हिशेब असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की कॅपॅसिटरचं आयुष्य निम्मं होतं. दुरुस्तीला आलेला बाहेरचा बोर्ड उघडला की फुगलेले कॅपॅसिटर मी रोज पाहतो.

आता खास बाहेरच्या टीव्हीबद्दल. असे टीव्ही आहेत. सॅमसंगने २०२० मध्ये द टेरेस नावाचा काढला, त्याला आयपी ५५ संरक्षण आहे. पहिला पाच धुळीचा, दुसरा पाच पाण्याच्या फवाऱ्याचा. उजेडही कितीतरी जास्त. उजेड निट्समध्ये मोजतात. घरचा साधा टीव्ही २५० ते ३५० निट्स देतो, उघड्या उन्हात वाचता येण्यासाठी हजाराच्या वर लागतात. पण या वस्तूंची किंमत त्याच आकाराच्या साध्या टीव्हीच्या कित्येक पट असते. तुमच्या पैशात ते बसत नाही आणि तुम्हाला त्याची गरजही नाही.

गरज का नाही ते तुमच्याच माहितीत आहे. छपरी पश्चिमेला तोंड करून आहे. म्हणजे सकाळपासून दुपारी एकपर्यंत तिथे घराचीच सावली. बाबा नेमके त्याच वेळात बाहेर असतात. ऊन येतं दोन ते साडेसहा, तेव्हा ते आत झोपलेले. टीव्ही त्यांच्याच वेळापत्रकाने चालवा. दुपारी तो बंद आणि झाकलेला राहिला पाहिजे, एवढंच.

छपरीच्या दक्षिणेला काय आहे? भिंत असेल तर टीव्ही तिथे लावा, पडद्याचं तोंड उत्तरेकडे. दर्शनी भिंतीवर लावला तर पडद्यात सगळा रस्ता चमकत राहील, सकाळीसुद्धा. उत्तरेकडे तोंड असलं की ती चमक बाजूने निघून जाते.

आणि एक काम खरेदीच्या आधी करा. साधा थर्मामीटर घ्या, दोन्ही भिंतींवर जिथे टीव्ही येईल त्या उंचीला टांगा. तीन दिवस सकाळी अकरा, दुपारी चार आणि रात्री आठचे आकडे इथे लिहा. मग मॉडेलचं बोलू.


खामल्याची मावशी:

बाळ, तुझं वाचून डोळे भरले. आम्ही हिंगणा रोडला शेतावरच्या घरी वऱ्हांड्यात टीव्ही लावला होता, तो एकाच जूनमध्ये गेला. तो कसा गेला, तेवढं सांगते.

आपल्याकडे पहिला पाऊस सरळ पडत नाही. आधी वावधान सुटतं, धुळीचे लोट येतात, मग आडवा मारा. वऱ्हांड्यात सहा फूट आतपर्यंत पाणी आलं. पण टीव्ही पाण्याने गेला नाही, आम्ही त्यावर कापड टाकलं होतं. बटण बंद होतं, प्लगही काढला होता. डिशची वायर मात्र तशीच लागलेली. शिवारात कुठेतरी वीज पडली आणि त्या वायरीतून धक्का आला. सेट-टॉप बॉक्स जळाला आणि टीव्हीचं ज्या एचडीएमआयमध्ये तो लावला होता ते अख्खं कार्ड गेलं. दुरुस्तीवाल्याने उघडला तर आत पाल मेलेली होती, ती वेगळीच. थंडीत उबेला शिरली असेल. आणि वॉरंटी मागायला गेलो तर त्यांनी अटींचा कागद पुढे केला, घराबाहेर लावलेल्या टीव्हीला वॉरंटी नाही. कागद खरा होता, आम्हीच वाचला नव्हता.

तर तू दोन गोष्टी कर. डिशची वायर बाहेर नेऊच नको, घरातल्या वायफायवर चालू दे. आणि ढग गडगडले की टीव्हीचा प्लग हाताने काढायचा, आईला हे शिकवून ठेव. बटण बंद केलं म्हणजे झालं असं नाही.

पावसाळ्यात रात्री पडद्यावर पाखरं फार येतात. टीव्हीजवळची ट्यूबलाइट बंद ठेव आणि छपरीच्या दुसऱ्या टोकाला पिवळा दिवा लाव. आम्हाला त्याने पुष्कळ फरक पडला.

कूलर लावत असशील तर त्याचं तोंड टीव्हीकडे नको. कूलरच्या हवेत खारं पाणी असतं. आमच्या शोकेसच्या काचेवर त्याचे पांढरे ठिपके जाता जात नाहीत, तर टीव्हीच्या मागच्या जाळीत काय होत असेल!


रात्रपाळी:

वायरिंगचं मी सांगतो, इलेक्ट्रिशियन आहे. बाहेरच्या बोर्डाला ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळू लागला की लाइन तोडणारा स्विच, पाहिजेच. वॉकरवाला माणूस, ओली फरशी, लोखंडी खांब, यात हात आखडू नका. सॉकेट झाकणाचं घ्या, फरशीपासून चार फूट वर. जुनं घर आहे म्हणता, तर आधी अर्थिंग तपासून घ्या. कूलर चालू ठेवून न्यूट्रल आणि अर्थिंगच्या मधला व्होल्टेज मोजायचा, दोन-तीन व्होल्टच्या वर दाखवला तर अर्थिंग नीट करून मगच टीव्ही. मेन बोर्डात टाइप २ चा सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे लाइनीतून येणारा विजेचा झटका अडवणारा, बसवा. तोसुद्धा अर्थिंग चांगलं असेल तरच कामाचा. स्टॅबिलायझरवर पैसे घालू नका, आताचे टीव्ही १०० ते २४० व्होल्टवर चालतात.

वायर जमिनीवरून नको. बाबांच्या वाटेत एकही वायर नको.


मानेवाड्याची लेक:

सगळ्यांचे मनापासून आभार. मावशी, मी रात्रीच डिशच्या वायरीचा विचार सोडून दिला.

आकडे घेतले. शुक्रवार ते रविवार, तिन्ही दिवस जवळपास सारखेच. दर्शनी भिंतीवर सकाळी ३६, दुपारी चारला ४८, रात्री आठला ३९. बाहेर गार वारं सुटलं तरी ती भिंत हाताला गरमच होती. दक्षिणेला जिन्याची भिंत आहे, तिथे सकाळी ३५, दुपारी ४१, रात्री ३६. आणि एप्रिल अजून अर्धाच झाला आहे. फलकवाले दादा, तुम्ही सांगितलं नसतं तर मी त्या ४८ वाल्या भिंतीला भोकं पाडली असती.

तर टीव्ही जिन्याच्या भिंतीवर, हे नक्की. सुतार म्हणतो, कपाटासारखी चौकट करू, पुढे दोन दारं. दुपारी दारं बंद. टीव्ही रस्त्याच्या कडेपासून साडेतीन फूट आत सुरू होईल.

पण एक शंका आहे. जूनमध्ये सूर्य मावळताना आमच्याकडे ऊन तिरकं येऊन जिन्याच्या भिंतीवर पडतं. मला आठवतं, लहानपणी त्या भिंतीवर आमच्या सावल्या लांब व्हायच्या. भिंत उत्तरेला तोंड करून आहे तरी असं होतं. मी रस्त्याच्या बाजूने बांबूची चिक सोडायचं म्हटलं तर बाबा ऐकायलाच तयार नाहीत. म्हणाले, “रस्ता दिसला नाही तर छपरीत बसू काहून?” बरोबर आहे त्यांचं. भाजीवाला, शाळेची मुलं, दिवसभर त्यांना तेच तर पाहायला मिळतं. टीव्हीसाठी त्यांचा रस्ता मी झाकणार नाही.


फलकवाला:

ताई, आठवण अगदी बरोबर आहे. नागपूर २१ अंशांच्या जरा वर आहे. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात भर दुपारी सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर येतो, आणि त्यानंतर जुलैच्या मध्यापर्यंत तो दुपारीही उत्तरेकडे झुकलेला असतो. जूनमध्ये मावळतो तो पश्चिमेपासून सुमारे २५ अंश उत्तरेला. म्हणून तुमच्या उत्तरमुखी भिंतीवर शेवटचा तासभर तिरपं ऊन येतं.

पण चिक नको. सुताराच्या दारांनीच काम होईल. टीव्हीकडे तोंड करून उभं राहिलं की उजवीकडे रस्ता. उजव्या दाराची बिजागरी रस्त्याच्या बाजूला ठेवा आणि ते दार पूर्ण मागे न जाता काटकोनात उभं राहील असा अडसर लावा. ४३ इंची टीव्ही रुंदीला तीन फुटांच्या जरा वर असतो, म्हणजे प्रत्येक दार पावणेदोन फुटांचं होईल. मी कागदावर आखून पाहिलं. २५ अंशांच्या उन्हात पडद्याचं दूरचं टोक झाकायला दीड फूट पुरतो. दारच सावली देईल, रस्ता सगळा मोकळा. समोर बसलेल्यांना ते दार आड येणार नाही.

चौकट बीडब्ल्यूपी, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या, प्लायची करा, त्यावर आयएस ७१० असा शिक्का पाहून घ्या. बाहेरून पांढरा रंग. खाली आणि वर हवेला लांबट फटी, त्यावर बारीक स्टीलची जाळी, म्हणजे मावशींनी सांगितलेली पाल आत जाणार नाही. टीव्हीच्या मागे तीन इंच जागा. चालू असताना दोन्ही दारं उघडी, हा नियम घरात सगळ्यांना सांगा. पत्र्याला वरून पांढरा उष्णतारोधक रंग मारा, टीव्हीपेक्षा बाबांना त्याचा फायदा जास्त. पडद्याचा मध्य बाबांच्या बसलेल्या नजरेला, फरशीपासून साडेतीन-चार फुटांवर. उंच नको, वर गरम हवा.

आता टीव्ही. साधा एलईडीच घ्या, ओएलईडी नको. दुकानात निट्सचा आकडा विचारा, ३५० च्या खाली जाऊ नका, ४००-५०० मिळाला तर उत्तम. काच चकचकीत नको, मंद असावी. माहितीपत्रकात चालवायच्या तापमानाशेजारी ठेवायचं, म्हणजे बंद असतानाचं, तापमानही असतं. कुणी ४५ लिहितं, कुणी ६०. तुम्ही ६० वालाच घ्या, कारण मेच्या दुपारी तुमच्या कपाटात ४४-४५ होणारच. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आहे, बिलावर १८ लावलाय ना ते पाहा. मेचे शेवटचे पंधरा दिवस रात्री आठलाही तिथे ४० च्या वर असेल तर त्या रात्री टीव्ही बंद ठेवायचा. हे बाबांना आधीच सांगून ठेवा.

वॉरंटीचं मावशींनी सांगितलं ते खरं आहे, तुमचीही मिळणार नाही असं धरूनच चाला. म्हणूनच ४५ हजार सगळे टीव्हीत घालू नका.


खामल्याची मावशी:

आवाजाचं राहिलंच की. टीव्हीचा आवाज वाढवत बसू नको. छोटा स्पीकर बाबांच्या खुर्चीच्या हाताशी, कानापासून दोन फुटांवर ठेव. आमच्या सासऱ्यांना तसं केल्यावर टीव्ही निम्म्या आवाजात भागायचं. ब्लूटूथने आवाज जरा मागे पडतो, टीव्हीच्या सेटिंगमध्ये तो जुळवता येतो. बारावीच्या पोरीच्या आईशी आधी बोलून घे म्हणजे मनात काही राहत नाही.


मानेवाड्याची लेक:

दादा, तुमचं दाराचं आखून मी बाबांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा पाहिलं आणि मग शेडमधल्या भाषेत म्हणाले, “हा फिटर पक्का आहे.” आयुष्यभर त्यांनी ज्याला पक्का म्हटलं तो माणूस मी बोटावर मोजू शकते, म्हणून इथे लिहिते आहे.

अर्थिंग तपासलं. १४ व्होल्ट निघाला. रात्रपाळी दादा, तुम्ही लिहिलं नसतं तर कुणी पाहिलंच नसतं. इतकी वर्षं आई त्याच बोर्डावर ओल्या हाताने कूलर लावत होती. परवा इलेक्ट्रिशियन नवीन खड्डा खणून अर्थिंग करतो आहे, आरसीसीबी आणि सर्ज प्रोटेक्टर त्याच दिवशी. त्यात आठ हजार जातील. सुताराने चौकटीचे नऊ सांगितले. टीव्हीला २६ पर्यंत उरतात, स्पीकर दोनचा. पत्र्याचा रंग पुढच्या पगारावर.

बारावीच्या मुलीच्या आईला भेटून आले. तिची परीक्षा संपली आहे, आता सुट्टीच आहे म्हणाली, आणि मॅच असली की तिचे आजोबाही येऊन बसतील का, असं विचारलं. म्हणजे खुर्च्या पाच. काल संध्याकाळी फरशीवर खडूने खुणा केल्या, पाचही जागांवर आळीपाळीने बसून पाहिलं. उजवं दार उघडं धरायला आईला उभं केलं होतं. कुठूनच आड येत नाही, आणि बाबांच्या जागेवरून रस्ताही पूर्ण दिसतो.